चालकाची बैठक

मोटार विकत घेताना माणूस काय काय पाहतो याची एकदा मोजदाद करावी. लिटरला किती किलोमीटर जाते हे तो विचारतो, रंग पसंत करतो, मागे सामान किती मावेल ते उघडून बघतो आणि शेजाऱ्याने कोणती घेतली हेही मनात धरतो. परंतु ज्या जागेवर बसून पुढील दहा वर्षे ती मोटार हाकायची, त्या जागेवर पाव तास स्वस्थ बसून बघणारे गिऱ्हाईक विरळाच. ट्रक घेणारा मालक तर तेवढेही करीत नाही. कारण त्या जागेवर तो स्वतः बसणार नसतो.

आम्ही मोटार कामगारांच्या चळवळीत गेली तीस वर्षे आहोत. शाळा आमची लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते आगारातल्या बाकावर, सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलाशी आणि चालकांच्या सहवासात. ह्या काळात आमच्याकडे जी गाऱ्हाणी आली त्यांत पहिले पगाराचे, दुसरे पाळीचे आणि तिसरे कमरेचे. पहिली दोन माणूस मूठ आपटून सांगतो. तिसरे मात्र तो जाता जाता, उंबऱ्यात उभा राहून, जरा ओशाळल्यासारखे सांगतो. कंबर दुखते असे म्हणणे म्हणजे आपण आता कामातून गेलो अशी कबुली देणे, असे त्याला वाटते.

ह्या तिसऱ्या गाऱ्हाण्यासाठीच आम्ही हा विषय निवडला. श्रोत्यांत धंदेवाईक चालक थोडे असतील. पण सुटीत स्वतःची मोटार घेऊन कोकणात, गोव्यास किंवा नागपुरास जाणारे पुष्कळ आहेत. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा खुला झाल्यापासून एका बैठकीत राज्य ओलांडण्याची हौस वाढली आहे. लांबच्या पल्ल्यावर मणका मालकाचा आणि नोकराचा असा भेद करीत नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, बैठक हे चालकाचे हत्यार आहे. सुताराच्या रंध्याची मूठ सैल झाली तर त्याला कोणी 'सोस' म्हणत नाही, मूठ घट्ट करून देतात. चालकाच्या बैठकीला तोच न्याय लागू व्हावा.

बसणे हेही काम आहे

"बसून तर असता दिवसभर, दमता कशाने?" हा प्रश्न चालकाला घरीही ऐकावा लागतो. त्याचे उत्तर जुन्या गाडीवानाकडे पाहिले म्हणजे सापडते. बैलगाडी हाकणारा माणूस कंटाळा आला की मांडी घाली, चढ लागला की खाली उतरून बैलांबरोबर चाले आणि उताराला पुन्हा वर चढून बसे. त्याचे अंग दिवसभर हलत असे. मोटारीच्या चालकाला ती मोकळीक नाही. उजवा पाय वेगाच्या आणि ब्रेकच्या पेडलवर, डावा क्लचजवळ, हात चाकावर आणि डोळे रस्त्यावर, असा तो चारी बाजूंनी बांधलेला असतो. खुर्चीत बसलेल्या कारकुनाचे पाय जमिनीवर टेकून थोडा भार उचलतात. चालकाचे पाय पेडलांवर कामात असतात, म्हणून बहुतेक सगळे वजन बुडाच्या दोन हाडांवर आणि कण्यावर येते.

कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. दोन मणक्यांच्या मध्ये एक चिवट, ओलसर चकती असते. कमरेत असे पाच मणके आहेत. माणूस उभा असता त्याची कंबर आतल्या बाजूस किंचित वळलेली असते, आणि ह्या बाकामुळे भार चकत्यांवर नीट वाटला जातो. माणूस बसला की कटीचे हाड मागे कलंडते व कमरेचा तो बाक सपाट होतो. मऊ गादीत रुतून बसला तर बाक उलटही होतो, म्हणजे पाठीला पोक येते. स्वीडनमधील ओकरब्लूम ह्यांनी १९४८ साली बसण्या-उभे राहण्याच्या ठेवणीवर ग्रंथ लिहून कमरेला टेकू देण्याचा आग्रह धरला. अमेरिकेतील कीगन ह्यांनी निरनिराळ्या ठेवणीत माणसांची क्ष-किरण चित्रे घेऊन १९५३ साली दाखवले की, मांडी आणि धड यांतला कोन जसजसा लहान होतो तसतसा कमरेचा बाक मोडत जातो.

पुढे स्वीडनमध्येच नाकेमसन ह्या शल्यवैद्यांनी जिवंत माणसाच्या चकतीत बारीक सुई घालून आतला दाब मोजला. उभ्या माणसाच्या चकतीतला दाब १०० धरला, तर आधारावाचून ताठ बसता तो सुमारे १४०, पुढे झुकून बसता सुमारे १८५ आणि उताणे निजता सुमारे २५, असे त्यांचे आकडे जगभर छापले गेले. १९९९ साली जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या साधनांनी एका स्वयंसेवकावर मोजणी केली, तेव्हा साधे बसणे आणि उभे राहणे यांत एवढा फरक आढळला नाही. परंतु दोन गोष्टींवर दोघांचे एकमत आहे. पुढे वाकून बसले की दाब वाढतो आणि पाठ मागे टेकली की तो उतरतो. आपल्या कामाला एवढे पुरे आहे.

चकतीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला पोषण मिळते ते आजूबाजूच्या भागातून झिरपून. भार पडला की स्पंजाप्रमाणे तिच्यातले पाणी बाहेर जाते, भार उतरला की आत येते. म्हणून एकाच ठेवणीत तासन्‌तास राहणे, मग ती ठेवण पुस्तकात कितीही आदर्श म्हणून छापलेली असो, तिला मानवत नाही. चांगली बैठक म्हणजे जिच्यात अंग अधूनमधून हलवता येते ती.

झोका आणि गादी

आतापर्यंत सांगितले ते उभ्या मोटारीतल्या बैठकीविषयी. मोटार चालू लागली की हादरे सुरू होतात. त्यांचे गणित समजून घेण्यास झोका पुरेसा आहे. झोक्यावरच्या मुलाला वाटेल तेव्हा ढकलले तर झोका अडखळतो. पण तो मागे येऊन परतण्याच्या नेमक्या क्षणी बोट लावले तरी उंच जातो. प्रत्येक लवचीक वस्तूची अशी स्वतःची एक लय असते. बसलेल्या माणसाच्या धडाचीही असते. उभ्या दिशेने सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा येणारे हादरे आपल्या अंगाला सर्वांत अधिक लागतात. १९७४ साली मानवी अंगावरील हादऱ्यांविषयी जे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम निघाले, त्यातही ह्याच लयीला सर्वांत कडक मर्यादा घातली होती.

चांगल्या खाजगी मोटारीचे अंग सेकंदाला एक-दीड वेळा डोलते. ते पाळण्यासारखे लागते, फार तर झोप आणते. पाट्यांच्या स्प्रिंगांवर चालणाऱ्या ट्रकचे हादरे मात्र सेकंदाला दोन-चार किंवा त्याहून अधिक वेळा येतात, म्हणजे नेमक्या आपल्या मणक्याच्या उंबरठ्याशी. अशा ठिकाणी सामान्य फोमची गादी काय करते? लोकांची समजूत अशी की गादी जाड तितका हादरा कमी. खरी गोष्ट निराळी आहे. फोमच्या साध्या बैठकीची, तिच्यावर माणूस बसला असता, स्वतःची लय सेकंदाला सुमारे चार असते. त्यामुळे त्या लयीचा हादरा गादी गिळत नाही, उलट वाढवून वर पाठवते. गादी चांगली वाटते ती दुकानात, गाडी उभी असताना.

मग हादरा अडवावा कसा? वस्तू स्प्रिंगवर ठेवली असता स्प्रिंग किती दबते त्यावरून तिची लय ठरते. सेकंदाला चारची लय असलेली स्प्रिंग भाराने सुमारे दीड सेंटीमीटर दबल्यासारखी वागते. ती लय दीडवर उतरवायची तर सुमारे अकरा सेंटीमीटर दबणारी स्प्रिंग पाहिजे. एवढी दबणारी गादी केली तर चालक तिच्यात बुडून जाईल आणि त्याला पेडलही धड सापडणार नाही. म्हणून शहाण्या कारखानदारांनी वाट काढली ती अशी, की गादी घट्टच ठेवायची आणि अख्खी बैठकच कात्रीसारख्या सांगाड्यावर चढवून तिच्याखाली स्प्रिंग किंवा हवेची पिशवी आणि हादरा शोषणारा दांडा बसवायचा. अशा झुलत्या बैठकीवर चालकाच्या वजनाप्रमाणे ताण कमीजास्त करण्याची मूठ असते. नव्वद किलोच्या माणसाने लावलेली मूठ साठ किलोच्या माणसाने तशीच ठेवली तर झुलत्या बैठकीचा निम्मा उपयोग गेला. नवी गाडी ताब्यात देताना ती मूठ फिरवून दाखवणे कोणाला सुचत नाही, आणि पुष्कळ चालक वर्षभर गाडी हाकूनही तिला हात लावीत नाहीत.

युरोपातील राष्ट्रांनी २००२ साली नियम केला की, आठ तासांच्या कामात अंगाला बसणाऱ्या हादऱ्यांचा प्रवेग ०.५ मीटर प्रति वर्ग-सेकंदावर गेला तर मालकाने उपाय सुरू करावेत आणि १.१५ च्या वर तो जाऊच देऊ नये. हा दुसरा आकडा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नवव्या हिश्श्याएवढा आहे. जर्मनीने तर १९९३ सालापासून, वर्षानुवर्षे बसून उभे हादरे सोसल्यामुळे झालेला कमरेच्या चकतीचा विकार हा धंद्यातून येणारा रोग म्हणून मान्य केला आहे. तेथे ह्या कारणाने काम सुटलेल्या चालकाला आपले दुखणे कामातून आले असे म्हणण्यास कायद्याचा आधार आहे. उंबऱ्यात ओशाळून उभ्या राहणाऱ्या आमच्या माणसाशी ह्याची तुलना श्रोत्यांनीच करावी.

फोम, काथ्या आणि लाकडी मणी

गादी कशी असावी? तळहाताने जोराने दाबली असता ती खालच्या पत्र्याला टेकू नये, ही पहिली परीक्षा. हलका फोम नवा असता गुबगुबीत असतो, पण वर्षा-दोन वर्षांत मध्ये खड्डा पडतो आणि चालक एका अंगाला कलून बसू लागतो. कुशनवाल्याकडे गेल्यावर फोमची घनता विचारावी. चाळीस किंवा त्याहून अधिक घनतेचा फोम महाग पडतो, पण टिकतो. जुन्या गाड्यांत रबर मारलेल्या काथ्याच्या गाद्या असत. त्यांतून वारा खेळे, हा त्यांचा मोठा गुण. रेक्झिनचे आवरण पुसायला सोपे, परंतु उन्हाळ्यात त्यावर पाठ भिजते. वरून विणलेले सुती किंवा जाळीदार कापड बरे.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत लाकडी मण्यांचे आच्छादन पुष्कळांनी पाहिले असेल. त्या पद्मिनी मोटारी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, मणी मात्र नव्या गाड्यांत आले. त्याचा उपयोग आहे का? आहे, पण मर्यादित. मणी पाठ आणि बैठक यांमध्ये हवा खेळती ठेवतात आणि अंग थोडे सरकू देतात. कमरेचा बाक सांभाळणे किंवा हादरा अडवणे हे मण्यांचे काम नव्हे. ज्याला घाम छळतो त्याने ते अवश्य घ्यावेत. ज्याच्या पायात मुंग्या येतात त्याने आधी बैठकीची लांबी तपासावी.

आहे ती बैठक कशी लावावी

नवी बैठक घेणे सर्वांना परवडत नाही. पण आहे ती नीट लावायला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. क्रम मात्र सांभाळावा.

प्रथम मागच्या खिशातले पाकीट काढावे. एका बाजूला दोन बोटे जाडीचे पाकीट घेऊन सहा तास बसणे म्हणजे कटीचे हाड सहा तास तिरके ठेवणे. मग बूड बैठकीच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवावे; पोकळी ठेवू नये. त्यानंतर उंची. कंबरेचा सांधा गुडघ्याच्या बरोबरीने किंवा किंचित वर यावा आणि समोरचा रस्ता मान न ताणता दिसावा. मग पुढे-मागे सरकवणे. क्लच तळापर्यंत दाबला असतानाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि बूड जागचे हलता कामा नये. बैठकीची पुढची कड व गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. कड रुतली की पाय बधिर होतात.

आता पाठ. स्वीडनमधील गोटेबर्ग येथे अँडरसन, नाकेमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली खास चालकाच्या आसनावर प्रयोग केले. पाठ १२० अंशांपर्यंत मागे आणि कमरेला पाच सेंटीमीटरचा टेकू, अशा वेळी चकतीवरचा दाब आणि स्नायूंचा ताण सर्वांत कमी भरला. पण रस्त्यावर एवढे मागे रेलता येत नाही. हात चाकापर्यंत पोहोचावे लागतात, मान पुढे येते, आणि अपघात झालाच तर माणूस कमरपट्ट्याखालून घसरण्याची भीती असते. म्हणून व्यवहारात १०० ते ११० अंश ठेवावेत. परीक्षा सोपी आहे. दोन्ही खांदे मागे टेकलेले असता हात लांब करून मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. चाक धरल्यावर कोपर आपोआप वाकलेले राहते. छाती मात्र चाकाच्या मध्यापासून निदान २५ सेंटीमीटर लांब असावी. हवेची पिशवी फुटून उघडते तेव्हा तेवढी जागा लागते.

कमरेचा टेकू स्वीडनच्या व्हॉल्वो मोटारींत १९६५ साली कमीजास्त करता येईल असा आला. आज पुष्कळ मोटारींत तो असतो. ज्यांत नाही त्यांनी एक पंचा घ्यावा, घट्ट गुंडाळावा आणि पट्टा बांधतो त्या रेषेवर किंवा बोटभर वर, कमरेच्या पोकळीत ठेवावा. दाबल्यावर तीन-चार सेंटीमीटर उरेल एवढाच जाड असावा. टेकू आहे हे जाणवावे, पण तो टोचू नये. तासाभराने तो थोडा वर-खाली करावा. बाजारात मिळणारी फुगीर उशी पाठीमागे घालून बरे वाटत असले तरी ती खांद्यापर्यंत उंच असेल तर सगळे अंगच पुढे ढकलते, आणि मग मानेचे दुखणे नव्याने सुरू होते.

शेवटी डोक्याचा टेकू. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या बरोबरीने आणि मागे डोक्याच्या जितकी जवळ तितकी बरी. हे सगळे झाल्यावर आरसे लावावेत. आरसा ताठ बसून लावला म्हणजे एक जादा लाभ होतो. दोन तासांनी मागचा रस्ता आरशात पुरता दिसेनासा झाला तर समजावे की आरसा हललेला नाही, आपण खचलो आहोत.

दोन गोष्टी टाळाव्यात. बुडाखाली जाड मऊ उशी घेऊ नये. तिने उंची बदलते, डोक्याचा टेकू खाली पडतो आणि कमरपट्टा हाडावर बसायचा तो पोटावर येतो. ठेंगण्या माणसाला उंची हवी असेल तर घट्ट, न सरकणारी आणि पातळ गादी घ्यावी. दुसरे, ज्या मोटारीत बाजूची हवेची पिशवी बैठकीतच शिवलेली असते, तिच्यावर वाटेल ते आवरण घट्ट चढवू नये. वेळ आली तर ती पिशवी त्या शिवणीतून बाहेर यायची असते.

बैठकीला जे जमत नाही

इतके करूनही एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते ती सर्वांत मोठी आहे. जगातली कोणतीही बैठक बसण्याचे तास पचवून देत नाही.

इंग्लंडमधील डॉक्टर मॉरिस ह्यांनी लंडनच्या वाहतूक कामगारांची पाहणी करून १९५३ साली ती प्रसिद्ध केली. त्या पाहणीत सुमारे ३१,००० पुरुष होते. दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे आणि वाहक दिवसभर जिना चढ-उतर करी. हृदयविकार चालकांत अधिक आणि वाहकांत कमी, आणि वाहकांना झालाच तर तो सौम्य, असे दिसून आले. दोघांची गाडी एक, रस्ता एक, पाळी एक. फरक होता तो मुख्यतः अंगाच्या हालचालीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रवासाविषयी अहवाल दिला. चार तास किंवा अधिक वेळ हालचालीवाचून बसून प्रवास केला असता शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, मग वाहन विमान असो, रेल्वे असो वा मोटार, असे त्यात म्हटले आहे. मुळात तो धोका लहान आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही. पण उतरून चार पावले टाकण्याइतके कारण नक्कीच आहे.

म्हणून दर दोन तासांनी गाडी सुरक्षित जागी उभी करावी आणि दहा-पंधरा मिनिटे पायी फिरावे. बैठकीतच चहा मागवून पिणे हा विसावा नव्हे. उतरल्यावर हात कमरेवर ठेवून पाठ दोन-चार वेळा मागे वाकवावी, टाचा उचलाव्यात. आणि मुक्कामी पोहोचताच डिकीतून जड बॅगा ओढू नयेत. तासन्‌तास एका ठेवणीत राहिलेले स्नायू आणि चकत्या त्या क्षणी भार घेण्यास तयार नसतात. पाच मिनिटे चालून मग वजन उचलावे. ट्रकचालकाला पोहोचल्याबरोबर माल उतरवायला लावणे किती घातक आहे, हे यावरून कळेल.

१९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा कायदा झाला. त्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले, लांब पल्ल्याच्या कामास मंजुरी घेऊनही दहा आणि चौपन्नच्या वर जाण्यास मनाई केली आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा बंधनकारक केला. तो कायदा आता २०२० च्या व्यवसाय सुरक्षा व आरोग्य संहितेत सामावला गेला आहे. कागद बदलले तरी मणका बदललेला नाही. चांगली बैठक दिली म्हणून चार तास अधिक हाका, असा सौदा कोणी पुढे केला तर तो चालकाने नाकारावा आणि मोटारवाल्या गृहस्थाने स्वतःशीही करू नये.

मागणी कशाची करावी

आपल्याकडे चासी आणि पुढचा दर्शनी भाग एवढेच कारखान्यातून घेऊन ट्रकची कॅबिन बाहेर बांधून घेण्याची रीत वर्षानुवर्षे चालली. तीत चालकाच्या वाट्याला पुष्कळदा फळी, तिच्यावर फोमचा तुकडा आणि वर रेक्झिन एवढेच आले. केंद्र सरकारने २०२३ साली नियम काढला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांची कॅबिन वातानुकूलित असणे सक्तीचे केले. कॅबिनमधला उकाडा ही चालकाची कुरकुर नसून कामाचा दोष आहे, हे त्यामुळे मान्य झाले. हादरा आणि मोडकी बैठक हेही कामाचेच दोष आहेत, हे मान्य करवून घेणे ही पुढची पायरी आहे.

एका मालवाहतूक कंपनीशी आमची बोलणी चालू असता मालकांनी सुचवले की, बैठका बदलण्यापेक्षा दर महिन्यास थोडा भत्ता घ्या. सभेत दोन तट पडले. एक जुने चालक उठले आणि म्हणाले, "भाऊ, पैसे घेऊन मोकळे होऊ. सीटचं आमचं आम्ही बघू. गोधडी टाकली की झालं." त्यावर मागे बसलेला एक तरुण म्हणाला, "काका, गोधडी माझी, पाठ माझी, मग गाडी तेवढी त्यांची का?" सभा हसली, पण मुद्दा सगळ्यांना पटला. भत्ता म्हणजे मोडक्या पाठीची आगाऊ दिलेली किंमत. ती एकदा घेतली की पाठ मोडण्याचा परवाना आपणच दिला असे होते. शेवटी ठरले ते साधेच होते. ऑइल, हवा आणि ब्रेक यांबरोबर बैठकही दर आठवड्याच्या तपासणीच्या यादीत घालायची. बैठक सरकवण्याचा खटका गंजला असेल तर गाडी रस्त्यावर सोडायची नाही. खर्च झाला तो मुख्यतः ग्रीस, खटके आणि फोम यांचा. सर्वांच्या कमरा बऱ्या झाल्या असे आम्ही म्हणणार नाही. परंतु बैठकीबद्दल बोलताना आता कोणी ओशाळत नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

हा खटका क्षुल्लक वाटतो, पण एकच गाडी तीन पाळ्यांत तीन माणसे हाकतात. एक सहा फुटी, एक सवापाच फुटी. २०२३ पासून एस.टी.च्या गाड्या स्त्रियाही चालवू लागल्या आहेत. एकाच मापाचा जोडा सगळ्या गावाला कोणी घालत नाही. एस.टी.ची गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली, आणि पुढे दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील कार्यशाळांत गाड्यांची अंगे बांधली गेली. बांधणारा कारागीर आणि हाकणारा चालक एकाच संस्थेचे असणे हे मोठे भाग्य आहे. ते जिथे असेल तिथे नमुन्याची बैठक पक्की करण्याआधी निरनिराळ्या उंचीच्या चार चालकांना तिच्यावर दोनशे किलोमीटर बसवावे आणि मग त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे. हादरे मोजण्याची साधने आज उपलब्ध आहेत. ती आगारांत आणि मालतळांवर यावीत. आणि निविदा काढताना इंजिनाच्या ताकदीबरोबर चालकाच्या बैठकीचेही माप लिहावे.

श्रोत्यांकडे आमचे मागणे लहान आहे. पुढच्या खेपेस लांबच्या प्रवासाला निघाल तेव्हा टायरमधली हवा पाहता तशी स्वतःची बैठक पाहा. आणि भाड्याची गाडी केली असेल, तर चालकाला दोन तासांनी आपण होऊन म्हणा, "थांबू या थोडे, पाय मोकळे करा." तो नको म्हणेल, कारण वेळेवर पोहोचवण्याची सवय त्याच्या हाडात मुरली आहे. तरी थांबवा. तुमची सुखरूप पोच त्याच्या डोळ्यांवर आणि पायांवर अवलंबून आहे, आणि त्या दोहोंचा भार शेवटी त्याच्या कमरेवर येतो.